लाडाचा शब्द आणि दिलेला शब्द

प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा आहे. घरी दीड वर्षाचा लॅब्राडोर, नाव ऑस्कर. सासूबाई दिवसभर त्याच्याशी बोलत असतात: ‘माझं सोनुलं ते’, ‘मंमं संपवलं का?’, ‘भूर जायचं?’ शिकवायला आलेल्या ट्रेनरने सांगितलं की हे सगळं बंद करा, कुत्र्याशी इंग्रजीत आणि एकाच शब्दात बोलायचं, लाडाने तो बिघडतो. तेव्हापासून सासूबाई गप्प झाल्यात आणि ऑस्कर त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून राहतो. ताई विचारतात, त्याला आमचं मराठी कळतं का? आणि लाडाच्या बोलण्याने तो खरंच बिघडतो का?

ताई, सासूबाईंना सांगा, बोलायला लागा. आजच सांगा. बाकी उत्तर लांबलचक आहे, ते सावकाश वाचा.

मी १९ वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली, वाशी, नेरुळ भागात घरोघरी जाऊन कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते. लाडाने बोलल्यामुळे बिघडलेला एकही कुत्रा मला अजून भेटलेला नाही. शब्द पाळला गेला नाही म्हणून गोंधळलेले मात्र शेकड्यांनी भेटलेत. आपण कुत्र्याशी गंमत म्हणून बोलतो, तो ते दिलेला शब्द म्हणून ऐकतो. ‘भूर’ म्हटलं की भूर व्हायला हवं. माझं सगळं काम फिरून फिरून याच एका गोष्टीवर येतं.

आधी कळण्याचं बघू. बुडापेस्टच्या एट्व्हॉस लोरांड विद्यापीठात आत्तिला आंदिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि त्यांना त्यांच्या ओळखीच्या प्रशिक्षिकेचा आवाज ऐकवला. कधी कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, कधी तेच शब्द कोरड्या सुरात, कधी ‘तरीही’सारखे कुत्र्याला काहीच न सांगणारे शब्द लाडाच्या सुरात. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. मेंदूतला आनंदाचा, बक्षिसाचा भाग नीट जागा झाला तो शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे होते तेव्हाच. नुसता गोड सूर पुरला नाही, नुसता शब्दही पुरला नाही. आणि हे सगळं चाललं होतं हंगेरियन भाषेत. तेव्हा इंग्रजीचा आग्रह सोडून द्या. ‘शाब्बास’ला ‘गुड बॉय’ इतकीच किंमत आहे, आणि तुमच्या सासूबाईंच्या तोंडून तर जास्तच, कारण त्यांचा खरा जीव मराठीत ओतला जातो. परक्या भाषेत बोलताना माणसाचा सूर सपाट होतो, हे मी रोज ऐकते.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या ॲलेक्स बेंजामिन आणि केटी स्लोकम यांनी मोठ्या वयाच्या कुत्र्यांवर प्रयोग केला. एक माणूस कुत्र्याशी बोलावं तसं, वरच्या पट्टीत, ‘फिरायला जायचं का’ अशा थाटाचं बोलायचा. दुसरा सरळ सुरात, काल सिनेमाला गेलो होतो असलं काहीतरी. नंतर मोकळं सोडल्यावर कुत्रे पहिल्या माणसाजवळ जास्त वेळ रेंगाळले. सूर आणि विषय यांची अदलाबदल केली तेव्हा मात्र त्यांनी असा पक्षपात दाखवला नाही. म्हणजे लहान बाळाशी बोलावं तसं कुत्र्याशी बोलणं हा वेडेपणा नाही. त्या बोलण्याने तो माणसाकडे ओढला जातो, आणि जो ओढला जातो त्याला शिकवता येतं.

नौपाड्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांची इंडी (म्हणजे आपली देशी) मादी त्यांनी हाक मारली की जागची हलायची नाही. ते ‘शाब्बास’ म्हणायचे ते पेपर तपासल्यासारखं. चारचौघांत, विशेषतः तलावपाळीवर, लाडाने बोलायला त्यांना संकोच वाटायचा. मी त्यांना म्हटलं, काका, घरात दार लावून बोला. नातीशी बोलता तसं बोला. पंधरा दिवसांनी ते ‘आली का गं माझी राणी’ म्हणायला लागले आणि राणी धावत यायला लागली. आता तलावपाळीवरही म्हणतात. पुरुषांना हे जड जातं, ते मी समजते, पण कुत्र्यासाठी तो आवाज लागतोच.

इथे मराठीची एक गंमत सांगते, मला फार आवडते. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याला नपुंसकलिंगी करतो. ‘दमलं का गं माझं बाळ’, ‘कसं बघतंय बघ’, ‘भुकेजलंय बिचारं’. ऑस्कर नर आहे, बाहेरच्यांना सांगताना ‘तो’ असतो, मांडीवर डोकं ठेवलं की ‘ते’ होतो. करावे, दिवाळे, सारसोळ्याकडच्या आगरी-कोळी घरांत तर ‘बाळा’चा ‘बाला’ होतो. मासळी साफ करताना पायाशी बसलेल्या कुत्र्याला ‘थांब रं बाला’ म्हणणाऱ्या आजी मी ऐकल्यात, आणि ते कुत्रं खरंच थांबतं. सोन्या, पिल्लू, ढमू, गुंड्या, लबाड, राजा, बच्चा. एकाच कुत्र्याला दहा नावं असली तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला जॉन पिली यांनी १,०२२ वस्तूंची नावं शिकवली होती. सगळेच कुत्रे चेसर नसतात, पण सोन्या आणि ढमू म्हणजे मीच, एवढं कुठल्याही कुत्र्याला जमतं.

फक्त एक हाक बाजूला काढून ठेवा. रस्त्यावर सुटला, उपवनला पट्टा निसटला, येऊरच्या वाटेवर माकडांमागे धावला, तर त्याला परत आणणारी हाक. ती रोजच्या बोलण्यात नको. त्या हाकेने बोलावून कधी आंघोळ घालायची नाही, नखं कापायची नाहीत, रागवायचं तर अजिबात नाही. त्या हाकेवर दर वेळी उत्तम काहीतरी मिळायला हवं, उकडलेली कोंबडी, पनीरचा तुकडा. मी ‘यू यू यू’ सुचवते. आपल्या आज्या अंगणात उभ्या राहून कुत्र्याला असंच बोलवायच्या आणि ते उगीच नव्हतं. पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, जनावरं हाकणाऱ्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. भाषा कुठलीही असो, जनावराला पळवायचं, जवळ बोलवायचं तर माणसं तोकडे, पुन्हा पुन्हा येणारे आवाज काढतात, आणि शांत करायचं, थांबवायचं तर एकच लांब ओढलेला, उतरता आवाज. आपला बैलगाडीवाला हाकताना जिभेने टकटक करतो आणि थांबवताना ‘होऽऽऽ’ म्हणतो, ते हेच. ‘चुचकारणे’ हे क्रियापदसुद्धा त्या च्च्-च्च् आवाजातूनच आलेलं.

आता तुमच्या घरात नेमकं काय बिघडलंय ते. मला वाटतं, ऑस्कर गोंधळलाय तो दोन गोष्टींनी.

पहिली ‘भूर’. सासूबाई दिवसात दहादा ‘भूर जायचं?’ विचारत असणार, कारण तो मान वाकडी करतो, शेपटी आपटतो, बघायला गोड वाटतं. त्यातून खरी भूर दोनदा. मग आठ वेळा शब्द फुकट गेला. काही कुत्रे अशा शब्दाकडे लक्ष देणं सोडतात. लॅब्राडोर बहुतेक उलट करतात, दर वेळी पेटून उठतात, दाराशी धावतात, उड्या मारतात, आणि भूर झाली नाही की चप्पल कुरतडतात. वर्तकनगरच्या एका घरात ‘भूर’ शब्द उच्चारायला बंदी झाली, मग ‘फिरायला’ बंद झालं, मग घरातले ‘आपलं ते’ म्हणायला लागले. महिन्याभरात कुत्रा ‘आपलं ते’ ऐकून लिफ्टपाशी. शब्द लपवून काही होत नाही. शब्द खरा करा. पट्टा हातात घेतल्यावरच ‘भूर’ म्हणायचं आणि म्हटलं की निघायचं. सासूबाईंना एवढंच सांगा. त्यांच्या लाडातला एक शब्दही कमी होत नाही, फक्त त्याची वेळ ठरते.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेतली आहे, म्हणून इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या ट्रेनरच्या ध्यानात येत नाही. ये, दे, घे, ने. माणसाला हे चार शब्द वेगळे. कुत्र्याला लांबून, वाऱ्यात, एकच ‘ए’ ऐकू येतो. मग तोंडातला चेंडू ‘दे’ म्हटलं की तो जवळ येऊन नाचतो, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. मी ‘ये’च्या जागी ‘इकडे’, ‘दे’च्या जागी ‘सोड’ शिकवते. ‘घे’ ठेवायला हरकत नाही, पण दोनदा म्हणा: ‘घे घे’. तसंच ‘बस’. आपण खाली बसायला ‘बस’ म्हणतो आणि खाऊ संपला की हात झटकत ‘बस, झालं’ असंही म्हणतो. सोसायटीचा वॉचमन हिंदीत ‘बस कर’ म्हणतो. बिचारा कुत्रा दर वेळी इमानाने खाली बसतो आणि त्याला काही मिळत नाही. काही दिवसांत बसणं सोडतो. संपलं सांगायला ‘संपलं’ म्हणा, दोन्ही तळवे उघडे दाखवा.

नवी मुंबईत तर एकाच घरात तीन भाषा. आई मराठी, फिरवायला येणारा मुलगा हिंदी, शाळकरी मुलं इंग्रजी. त्याचीही भीती नको. बुडापेस्टलाच लॉरा कुआया यांनी १८ कुत्र्यांना स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकवलं, आणि ओळखीच्या व परक्या भाषेला मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला. वय जितकं जास्त, तितका हा फरक स्पष्ट. घरचा कुत्रा आपली भाषा कानावर पडून पडून ओळखतो. कृती मात्र एक, शब्द एक, एवढं घरातल्या सगळ्यांनी एका कागदावर लिहून फ्रिजला लावा.

शब्दाला कुत्र्याचा स्वतःचा इतिहासही असतो. नेरुळला एका कुटुंबाने स्टेशनजवळची काळी इंडी घरी आणली. शांत, गुणी. पण आजोबा जेवताना प्रेमाने मोठ्याने ‘हाड हवं?’ म्हणाले की ती दिवाणाखाली जाऊन थरथरायची. आजोबांना वाटायचं हिला मटण आवडत नाही. मी पहिल्या दिवशी ऐकलं आणि पोटात कालवलं. रस्त्यावर तिने वर्षभर ‘हाड!’ हा एकच शब्द ऐकला होता, त्यामागून दगड किंवा लाथ. माणसाच्या तोंडून तो आला की तिचं अंग आधी पळायचं, मग बाकी सगळं. आजोबांनी तो शब्दच टाकला. (शिजवलेलं हाड तसंही देऊ नये, ते फुटून टोकदार होतं आणि घशात, आतड्यात रुततं.) आता ते ‘खाऊ’ म्हणतात आणि ती त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहते. रस्त्यावरचं कुत्रं घरी आणणाऱ्यांनी पहिले दोन महिने आपल्याच घरातले आवाज असे कान देऊन ऐकावेत.

‘कोण आलं?’ या वाक्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण टॉवरमधल्या निम्म्या भांडणांची सुरुवात तिथे होते. पिल्लू चार महिन्यांचं असतं, बेल वाजते, आपण वरच्या पट्टीत म्हणतो, ‘कोण आलं? कोण आलं बघ!’ पिल्लू भुंकतं, आपण हसतो. दीड वर्षाचं झाल्यावर तेच, आता घुमणाऱ्या आवाजात, रात्री अकरा वाजता, आणि सोसायटीकडून पत्र येतं. आपणच शिकवलेलं असतं ते. मोडायचं असेल तर वाक्य तेच ठेवा आणि त्याचा अर्थ बदला. बेल नाही, कोणी येणार नाही, अशा वेळी हळू आवाजात ‘कोण आलं?’ म्हणा आणि त्याच्या गादीवर खाऊ टाका. दिवसात दहा-पंधरा वेळा. गादीकडे आपण होऊन पळायला लागला की मग खरी बेल, घरातल्याच कोणाकडून वाजवून. खारघरच्या एका जर्मन शेफर्डला सात आठवडे लागले. आता बेल वाजली की तो गादीवर जाऊन बसतो आणि आईकडे बघतो.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यावं का, हे गणपती-दिवाळीत मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, खिडकीच्या काचा थरथरतात. ‘जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते चूक आहे. भीती ही काही खाऊसाठी केलेली करामत नाही की कुरवाळल्याने ती वाढावी. तो येऊन बिलगला तर बिलगू द्या. फक्त आवाज कसा, ते महत्त्वाचं. ‘अगं बाई, घाबरलं का माझं पिल्लू!’ असं उंच, भराभर बोललात तर त्याला वाटतं तुम्हीही घाबरलात. तिथे बैलगाडीवाल्याचा सूर हवा. खालचा, लांब, उतरता: ‘होऽऽ राजा, काही नाही, काही नाही.’ हात पाठीवरून सावकाश. खिडक्या-पडदे बंद, आतली खोली, पंखा किंवा टीव्हीचा सततचा आवाज. लाळ गळत असेल, खाणं सुटत असेल तर सणाच्या आधीच पशुवैद्यांना भेटा, त्यासाठी औषधं आहेत आणि ती देण्यात कमीपणा नाही.

‘कोणी केलं हे? कोणी केलं?’ हे वाक्य मात्र सोडून द्या असं मी म्हणेन. फाटलेली उशी दाखवून आपण विचारतो, तो कान पाडतो, नजर चुकवतो, आणि आपण म्हणतो, बघा, त्याला कळतंय. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालकाने रागावलं की ‘अपराधी’ चेहरा दिसायचा, मग कुत्र्याने खरंच काही केलेलं असो वा नसो. तो चेहरा तुमच्या आवाजाला दिलेलं उत्तर असतो, ‘रागावू नको’ एवढंच. उशीशी त्याचा संबंध त्याच्या मनात नसतो.

आणि ‘पापा दे’. घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा. मूल कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेतं, गळ्यात हात टाकतं, आणि मोठी माणसं फोटो काढतात. त्या फोटोंत मला कुत्र्याचं वळवलेलं तोंड दिसतं, जांभई दिसते, ओठांवरून फिरलेली जीभ, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग. ही त्याची विनंती असते, की मला जरा सोडा. ती कोणी ऐकली नाही की एक दिवस गुरगुर, आणि गुरगुरल्याबद्दल मार पडला की पुढच्या वेळी गुरगुर न करता चावा, तोही चेहऱ्याला. मी ‘पापा दे’चा अर्थ बदलते: मुलाने तळहात पुढे धरायचा, कुत्र्याने स्वतः येऊन नाक लावायचं. आला तर पापा मिळाला. नाही आला तर त्याला आत्ता नकोय, आणि मुलाने तेही ऐकायला शिकायचं.

कौतुकाची वेळही सांभाळा. ‘किती गं गुणाचं माझं बाळ ते’ हे म्हणून होईपर्यंत बसलेला कुत्रा उठून पुढे गेलेला असतो आणि कौतुक उठण्याला मिळतं. बसल्या क्षणी एक तोकडं ‘हां!’ म्हणा, खाऊ द्या, मग सगळी लाडीगोडी मनसोक्त करा.

आता ऑस्करचं. उद्या सकाळी पट्टा तुम्ही घेऊ नका, सासूबाईंच्या हातात द्या. त्यांना दाराशी उभं राहून एकदाच ‘भूर’ म्हणू द्या आणि लगेच बाहेर पडू द्या, खालच्या बागेपर्यंत एक फेरी पुरे. लॅब्राडोर ओढतो, म्हणून पट्टा छातीवरून बांधायचा घ्या, गळ्यातला नको, आणि पहिले काही दिवस तुम्ही बरोबर चाला. पंधरा दिवस ‘भूर’ फक्त त्याच म्हणतील, घरातलं दुसरं कोणीही नाही. दुपारी खोलीत त्याच्याशी काय काय बोलायचं ते त्यांचं त्या ठरवतील. दार मात्र उघडं ठेवायला सांगा.